हिटरच्या नळीचा जोड

औंढे, ३० नोव्हेंबर २०२५

संदेश,

वर 'चि.' लिहावं का नुसतं नाव, ह्यातच दोन कागद वाया गेले. शेवटी नुसतं नाव लिहिलं. शुद्धलेखनासाठी मी शाळेत किती छड्या खाल्ल्या ते तुला ठावं हाय. बोलतो तसं लिहितो. हसायचं तर हस.

तुझा फोन लागत न्हाई. पिंकी म्हणाली, "दादा, त्यानं तुझा नंबर बंद करून ठेवलाय, मला उगा विचारू नको." मग तिच्याकडनंच तुझ्या कंपनीच्या कॉलनीचा पत्ता घेतला. सख्ख्या भावाचा पत्ता बहिणीकडं मागायची पाळी आली. रुद्रपूर नकाशात शोधलं. पार हिमालयाच्या पायथ्याला हाय की. थंडी लय असंल. अनिताला आणि पोरीला जप.

कामाचं सांगतो. तिथीप्रमाणं सतरा जानेवारीला आबाचं वर्षश्राद्ध हाय. तू आलं पायजे. तेराव्याचं जेवण झालं, तू बॅग उचललीस, ते आजतागायत तोंड दाखवलं न्हाईस. आई तुझं नाव काढत न्हाई. त्या तेरा दिवसांत तू दिलेला पाण्याचा तांब्या तिनं दोनदा परत केला, ते मी बघितलंय. पण आई हाय ती. तू समोर उभा ऱ्हायलास की विरघळंल.

माझं म्हणशील तर माझ्या मनात काही न्हाई. माणूस चुकतो. आबाच्या छातीत कळ आलेली, तुला तळेगावला पोचायची घाई, त्यात रेडिएटरचं पाणी बघायचं ऱ्हायलं. ऱ्हातं. गाडी वाटेत बंद पडली, आबा गेला. व्हायचं ते झालं. मी तुला माफ केलंय. भावकी बोलते, पण तिचं काय मनावर घ्यायचं.

तुझी गाडी गोठ्यामागं ताडपत्रीखाली हाय. मी ठरवलंय, ती चालू करायची आणि तू पुण्याला उतरलास की तुझ्याच गाडीतनं तुला घरी आणायचं. कान्हे फाट्याचा राजेंद्र मिस्तरी येऊन बघून गेला. म्हणाला, इंजिन वाचंल, फक्त एक पार्ट मिळणं अवघड हाय. इंजिनातलं गरम पाणी आतल्या हिटरला नेणाऱ्या दोन नळ्या असतात बघ, त्या मधल्या पत्र्याजवळ ज्या प्लॅस्टिकच्या तुकड्यानं जोडतात, तो. एक जोड पिचलाय, दुसरा जाग्यावरच न्हाई. मिळंल म्हणा. एवढासा तर पार्ट.

तुझा वडीलभाऊ
बजरंग


औंढे, ९ डिसेंबर २०२५

संदेश,

तुझं उत्तर न्हाई. टपाल लांबचं, येईल म्हणून वाट बघतोय.

एवढासा पार्ट, पण त्यानं मला नाचवलं. लोणावळ्यातली तिन्ही दुकानं झाली, कामशेत झालं, तळेगाव झालं. सतरा वर्षांपूर्वीचं मॉडेल सांगितलं की पोरं मोबाइलवर बोटं फिरवतात आणि म्हणतात, "काका, बंद झालाय." कंपनीच्या शोरूममध्ये गेलो तर तिथल्या साहेबानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि न्हाई म्हणून सांगितलं. लय गोड बोलून.

सगळे मिळून एकच सल्ला देतात. "हिटर कशाला पायजे मावळात? नळी इकडनं तिकडं फिरवा, हिटर बंद करा, मोकळे व्हा." राजेंद्र मिस्तरी पण तेच म्हणतो. अर्ध्या तासाचं काम. आपल्याकडं सगळ्या जुन्या गाड्यांना तेच केलेलं असतं. मी न्हाई म्हणालो. त्यानं विचारलं, "भाऊ, हिटर लावून तुमी कुटं काश्मीरला चाललाय?" मी त्याच्यावर उखडलो. म्हणालो, कंपनीनं जसं दिलं व्हतं तसं पायजे, तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव. नंतर वाईट वाटलं. वयानं माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा हाय तो.

तू ही गाडी जुनी घेतलीस तेव्हा मी किती बोललो व्हतो. खटारा घेतला, घरादाराला वेड लावलंस. आणि आबा? रोज सकाळी ओल्या फडक्यानं काच पुसायचा. देवळात जायला चालत दहा पावलं, तरी म्हणायचा, "संदेश, गाडी काढ की." पुढच्या सीटवर बसायचा, टोपी नीट करून. ते फडकं अजून डाव्या दाराच्या कप्प्यात हाय. मी काढलं न्हाई.

बजरंग


औंढे, २२ डिसेंबर २०२५

संदेश,

कुदळवाडीच्या भंगारात जाऊन आलो. तितं आपल्याच मॉडेलची, आपल्याच रंगाची एक गाडी उभी व्हती, पुढचं सगळं चेपलेलं. मला आनंद झाला, म्हणजे बघ माणूस कसा असतो. बॉनेट उचललं तर दोन्ही जोड जाग्यावर. मालकानं पक्कड दिली. हलक्या हातानं धरून फिरवला आणि पापडासारखा चुरा झाला हातात. दुसराही तसाच. मालक म्हणाला, "जेवढं वय तुमच्या गाडीचं तेवढंच ह्याचं. जुन्याला जुनं लावून काय उपयोग?" खरंच हाय ते.

घरी आलो तर राजेंद्र मिस्तरी नळ्या काढून बसलेला. एका नळीचं तोंड माझ्यापुढं धरलं. "भाऊ, हितं आतनं वळ पडल्यात बघा. गोल गोल, तीन. कंपनीच्या जोडाला असे दात नसतात. काय लावलेलं हितं?" मी म्हणालो, ठावं न्हाई. तो म्हणाला, "संदेशनं लावलं असंल काहीतरी." मी नळी त्याच्या हातनं घेऊन खाली ठेवली.

शिदू तितंच गवताची पेंढी सोडत बसला व्हता. तू ओळखतोस, ठाकरवाडीचा, आपल्या फुलांच्या शेडवर कामाला असतो तो. त्यानं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत खाली मान घातली. त्याला दोन दिवस सुट्टी देऊन टाकली मी. का दिली ते विचारू नको.

तुझ्याकडं थंडीचा मुलूख. तिकडं लोक हिटर लावत असतील, पार्टही मिळत असंल. बघशील का? आपल्या गाडीचं मॉडेल, वर्ष तुला पाठ हाय. मला उत्तर नको देऊ, नुसता पार्ट पाठव. एवढं मागायचा हक्क हाय का मला ते ठावं न्हाई, पण मागतोय.

मागं मी लिहिलं की तुला माफ केलंय. ते वाक्य खोडायला पायजे व्हतं.

बजरंग


औंढे, ३ जानेवारी २०२६

संदेश,

आज सांगून टाकतो. आधीची तीन पत्रं लिहिली ती ह्या एका पत्रापासून पळायला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मागच्या जानेवारीत तू सलग फर्स्ट शिफ्टला व्हतास. कंपनीची बस तुला न्यायची, गाडी घरी असायची. मी तुला न विचारता गाडी तुंगार्लीच्या बंगल्यावर न्यायला लागलो, तितं उतरलेल्या पाहुण्यांना भाड्यानं फिरवायला. चोवीस तारखेला सकाळी पाहुण्यांना घेऊन गडाच्या पायथ्याला जाऊन आलो, आणि बघतो तर गाडीखाली हिरव्या पाण्याचं थारोळं. हिटरच्या नळीचा जोड तुटलेला. पाहुण्यांना दुपारी स्टेशनला सोडायचं, तू तीनला घरी येणार. मिस्तरीला बोलावलं तर तुला कळणार. कशीबशी गाडी शेडपर्यंत आणली.

शेडमध्ये ठिबकच्या नळ्या जोडायचे काळे जॉइनर पडलेले असतात ढिगानं. शिदूला म्हणालो, वीस एमएमच्या नळीचा एक आण. त्यानं आणला आणि हातात धरून ठेवला. म्हणाला, "भाऊ, ह्यो गार पाण्याचा जोड हाय. उकळत्या पाण्याला टिकंल का?" मी म्हणालो, तुला काय कळतं गाडीतलं, दे इकडं. लावला. जरा घट्टच गेला, तर मला वाटलं बरंच झालं. वर क्लिपा आवळल्या, नळाचं पाणी भरलं. गाडी चालली. पाहुणे वेळेत सुटले. म्हणालो, रविवारी नीट करू. रविवार आला, तसाच गेला. खरं सांगायचं तर मी विसरलो.

अठ्ठावीसला दुपारी आबाला घेऊन तू निघालास तेव्हा मी शेडमध्ये फवारणी करत व्हतो. तू आरडलास, "दादा, तळेगावला नेतोय." मी हात केला. मला तो जोड आठवला न्हाई रे. शप्पथ सांगतो, त्या वेळेला आठवला न्हाई.

कामशेतचा घाट चढून तू कान्हे फाट्यापाशी गेलास आणि गाडीनं वाफ टाकली. मला पिंकीचा फोन आला की गाडी बंद पडलीय, दुसरं वाहन बघतायत. तेव्हा आठवला. तिथनं तळेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी एकच म्हणत व्हतो, दुसरं काहीतरी झालेलं असू दे. डॉक्टर म्हणाले, पाऊण तास आधी आणायला पायजे व्हतं. टेम्पो मिळेपर्यंत तू पाऊण तास रस्त्यात उभा व्हतास, आबाचं डोकं मांडीवर घेऊन.

आणि मी काय केलं? आई, चुलते, सगळी भावकी जमलेली, त्यांच्यासमोर तुला विचारलं, "गाडी काढताना पाणी बघितलं नव्हतंस का?" तुझ्या पॅन्टला अजून रस्त्याची धूळ व्हती. तू माझ्याकडं बघितलंस. नुसतं बघितलंस, बोलला काहीच न्हाईस. मी मनाशी म्हणालो, बघ, त्याला पण वाटतंय की चूक त्याचीच. आईनं तेव्हापासून तुझ्याकडनं मान फिरवली, ती माझ्या त्या एका वाक्यानं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. कुणी हात लावायच्या आधी मी बॉनेट उघडलं. जॉइनरचे दोन तुकडे झालेले, एक नळीत, एक खालच्या पत्र्यावर. खिशात घातले. गेलं वर्षभर ते माझ्या कपाटात, आधारकार्डाच्या पाकिटात हायत.

वर्षश्राद्धाला तू ये. मी सगळ्यांसमोर सांगणार हाय. तू असलास तर तुझ्यासमोर सांगीन, नसलास तरी सांगीन. ह्या वेळी पळणार न्हाई.

बजरंग


औंढे, १० जानेवारी २०२६

संदेश,

काल तुझं पार्सल आलं. खोक्यात कापसात गुंडाळलेले दोन जोड. नवेकोरे, काळे, दांड्यावर बाणाची खूण. मिस्तरी बघतच ऱ्हायला. मी खोकं उलटं केलं, कापूस पिंजून बघितला, तेव्हा ती चिठ्ठी सापडली.

"दादा, ह्या वेळी ठिबकचा लावू नकोस."

मी पार्सलवरचा शिक्का बघितला. दोन तारखेचा. मी तुला कबुलीचं पत्र लिहिलं तीन तारखेला.

संदेश, तुला ठावं व्हतं. कान्हे फाट्यावर तू बॉनेट उघडलंस तेव्हाच तुला दिसलं. दिसणारच. शेडमधली ती सगळी ठिबक तूच अंथरलेली, एकेक जॉइनर तुझ्या हातनं गेलाय. मी दवाखान्यात सगळ्यांसमोर तो प्रश्न विचारला तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस ते ह्यामुळं. आणि तरी गप्प बसलास. घर सोडलंस, नोकरीची बदली मागून घेतलीस, आईनं तांब्या परत केला तो घेतलास, आणि गप्प बसलास.

का रे? मी काल दिवसभर शेडमध्ये बसून हाच विचार केला. आईजवळ मी ऱ्हाणार व्हतो म्हणून? तिच्या उशापायथ्याला जो ऱ्हाणार तो तरी तिच्या नजरेत चांगला ऱ्हावा म्हणून? तसं असंल तर तू माझ्यापेक्षा मोठा निघालास आणि मला त्याची लाज वाटते. मी रडलो. शिदूच्या देखत रडलो. तो उठून गेला न्हाई, बाजूला बसून ऱ्हायला. थोड्या वेळानं म्हणाला, "भाऊ, म्या तवाच जोराचं बोलाया पायजे हुतं." मी म्हणालो, तू बोललास ते खूप झालं, ऐकायचं माझं काम व्हतं.

जोड बसवलेत. पहिल्याच फटक्याला खटकन बसले. मिस्तरीनं गाडी तासभर चालू ठेवली, मी खाली पुठ्ठा अंथरून बसलो. एक थेंब पडला न्हाई.

बजरंग


औंढे, २७ जानेवारी २०२६

संदेश,

सतराला तू आला न्हाईस. मी दुपारपर्यंत रस्त्याकडं बघत व्हतो. तुला दोष न्हाई. तुझ्या जागी मी असतो तर मी पण आलो नसतो.

पानं वाढायच्या आधी मी उठलो. चुलते म्हणाले, "बजरंग, बस, पानं थंड होतील." मी आबाच्या फोटोपुढं जॉइनरचे ते दोन तुकडे ठेवले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पाहुण्यांपासून खिशापर्यंत. मध्ये एकदा पाणी प्यायलो, परत सांगितलं. दारातनं शिदू म्हणाला, "आणून दिला म्या हुता." मी म्हणालो, त्याचा काही दोष न्हाई, त्यानं मला अडवलं व्हतं, हे पण ऐकून घ्या.

आई तितनं उठली न्हाई. फोटोपुढं वाकून तिनं ते तुकडे हातात घेतले, एकाला एक लावून बघितले. मग पदराच्या गाठीला बांधले. "जेवून घ्या सगळे," एवढंच म्हणाली. भावकी जेवली. मला घास गेला न्हाई.

तेव्हापासून दहा दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. मी बोललो तर ऐकायची, ताट वाढलं तर जेवायची. मला वाटलं, हे असंच चालायचं, आणि असंच चालावं. तू वर्षभर सोसलंस, मला दहा दिवसांत काय झालं? चौथ्या दिवशी तिनं पिंकीच्या फोनवरनं तुला फोन केला, ते मला पिंकीनंच सांगितलं. म्हणे ती लय वेळ काही बोललीच न्हाई, आणि तू पण पलीकडनं ठेवला न्हाईस. मग ती म्हणाली, "ये." आणि तू म्हणालास, "येतो."

उद्या सकाळी साडेअकराला तुझी रेल्वे पुण्याला लागते. हे पत्र टपालात टाकत न्हाई. आबाच्या फडक्याशेजारी, डाव्या दाराच्या कप्प्यात ठेवतोय. वाचायचं तर वाच, न्हाईतर तसंच ऱ्हाऊ दे. उद्या मी तुझ्यापुढं काय बोलीन ते मला ठावं न्हाई. माफ कर म्हणायला तोंड उचलंल का न्हाई, तेही ठावं न्हाई. म्हणून हितं लिहितो. माफ कर, संदेश.

आज गाडी बघायची म्हणून बाहेर काढली. मला एकट्यालाच कान्ह्यापर्यंत जाऊन यायचं व्हतं. किल्ली फिरवणार, तेवढ्यात आई अंगणात आली. पायात चपला, डोक्यावर पदर. गाडीपुढं येऊन उभी ऱ्हायली. मला वाटलं, जाऊ देणार न्हाई.

ती म्हणाली, "पाणी बघितलंस?"

दहा दिवसांतला पहिला शब्द. मी म्हणालो, व्हय.

"मला दाव."

मी उतरलो. बॉनेट उघडलं, टोपण काढलं. तिनं वाकून पाणी बघितलं. मग म्हणाली, "आणि त्यानं धाडलेलं कुटं बसवलंयस?" मी बोटानं दोन्ही जोड दाखवले. तिनं एकावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. मग पुढच्या सीटवर जाऊन बसली, आबा बसायचा तिथं.

कान्हे फाट्यावर तिनं गाडी थांबवायला लावली. उतरली, रस्त्याच्या कडेला गेली, पदराची गाठ सोडली आणि ते तुकडे बाभळीच्या बुडाशी मातीत पुरले. मी गाडीतच बसून ऱ्हायलो. परत आली तेव्हा हात मातीचे व्हते. मी हिटर चालू केला. तिनं हात त्या वाऱ्यापुढं धरले आणि घरी येईपर्यंत काढले न्हाईत.

उद्या ती पण येतेय पुण्याला. पुढं तीच बसणार हाय, तू मागं बस.

दादा